माझा बडी, नाईक शिंदे

चूक माझी होती. एकवीस वर्षं मी ती कुणाला सांगितली नाही.

गेल्या रविवारी इथे परदेशात, आमच्या टार्निट उपनगरात, मित्र मंदारच्या बॅकयार्डमध्ये बार्बेक्यू होता. बोलणं अमेरिकेवर गेलं. तिथलं सरकार ट्रान्स सैनिकांना फौजेतून काढायला निघालंय. मंदार म्हणाला, "बरोबरच आहे. उद्या गे लोकांनाही काढावं. मेजर, तू सांग, असल्यांच्या भरवशावर लढाई होते का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हातातला चिमटा खाली ठेवला आणि सांगितलं.

फौजेत असताना आमची चौकी पंधरा हजार फुटांवर होती, मी तिथला अधिकारी. तिथे प्रत्येक जवानाला एक बडी असतो. जेवण, झोप, गस्त, सगळं जोडीने. नाईक शिंदे आणि शिपाई जाधव ही एक जोडी. बाहेर जाणारी पत्रं मी वाचून सोडत असे. शिंदेने बहिणीला लिहिलं होतं : माझं लग्न ठरवू नका, मला जाधवबरोबरच आयुष्य काढायचंय.

पत्र मी पाठवलं. सकाळी जोडी तोडली. जाधवला चौकीत रेडिओवर बसवलं. शिंदे नजरेसमोर राहावा म्हणून त्याला माझा बडी केलं. कारण दिलं नाही.

चौथ्या दिवशी १०४० वाजता गस्तीवर हिमकडा कोसळला. मी छातीपर्यंत गाडला गेलो. शिंदे हातांनीच बर्फ उपसू लागला. वरच्या उतारावर नवी भेग दिसत होती.

"शिंदे, मागे हो. ऑर्डर आहे."

"बडीला सोडत नाहीत, साहेब." उपसता उपसताच म्हणाला, "पत्र तुम्ही वाचलंत, ठाऊक आहे मला. हात द्या."

त्याने मला ओढून खडकाआड ढकललं. ११०५ वाजता दुसरा कडा आला आणि त्याला घेऊन गेला.

मी रेडिओवरून कडा कोसळल्याचं कळवलं. पलीकडे चौकीत जाधव होता. "पोस्ट टू पॅट्रोल. शिंदे ठीक आहेत? ओव्हर."

"शिंदे मिसिंग. ओव्हर."



शिंदेचा देह तिसऱ्या दिवशी मिळाला. जाधवने त्याचा मफलर मागितला. मी म्हणालो, सामान नियमाने घरी जातं.

सगळं ठाऊक असून तो माणूस मला उपसत राहिला. एवढी छाती मी पुन्हा कुणाची पाहिली नाही.

मंदार हळूच म्हणाला, "सॉरी यार."

"मला नको म्हणूस. मीही तुझ्यासारखाच होतो."

जाधव आता कराडजवळ पोल्ट्री चालवतो. नंबर माझ्याकडे कधीपासून होता. तिथूनच फोन लावला.

"जय हिंद, साहेब. आज कशी आठवण झाली?"

"जाधव, शिंदेचं पत्र वाचून तुमची जोडी मी तोडली. मफलरही तुला द्यायला हवा होता. तो तुझा माणूस होता. माझं चुकलं. मला माफ कर."