क्लासच्या वर लिहिलेली नावं

आज एक जुना पीएचपी क्लास, म्हणजे प्रोग्रामच्या कोडचा एक भाग, उघडला. आत फारसं काही नाही. माहिती डेटाबेसमधून येते, तीही कुणी त्या माहितीचं नाव घेऊन मागितली तरच. कोड वाचणाऱ्याला ती नावं आत कुठेच दिसत नाहीत, म्हणून ऑफिसात माझ्या शेजारी बसायच्या त्या सुनंदाताईंनी क्लासच्या वर सगळी लिहून ठेवली आहेत. मी कंटाळा केला की म्हणायच्या, "अरे, दिसत नाही तेच लिहायचं असतं. मागून येणाऱ्याला कसं कळणार?"

आज त्या यादीत एक नाव वाढवलं आणि हात थांबला. ताईंचा आजार आम्हाला कळला तो त्या गेल्यावर. शेवटी शेवटी जिन्यात दोनदा थांबायच्या. मी वर दार धरून उभा राहायचो, आणि आपण फार समजूतदार आहोत असं मला वाटायचं. काय होतंय, एवढं विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं.