ओलं पोतं मी सोडलं

सुनंदा बेळगावला मूर्तिकाम शिकायला निघाली तेव्हा मी म्हणाले होते, “चिखलात खेळायला शाळा कशाला लागते गं?” ती तरीही गेली. आता बेळगावजवळच्या बेळगुंदीत शेड टाकून मूर्ती करते, एकीलाही नाकडोळे नाहीत. बारा वर्षांत मी तिकडं फिरकले नव्हते. यंदा उन्हाळ्यात म्हटलं, लेक करते तरी काय ते एकदा समजून घ्यावं. मी सांगते, सून लिहिते. चुका तिच्या.

निपाणीहून बेळगावला गाड्या भरपूर, दीड-दोन तास लागतात. पाट्या कानडीत की मराठीत यावर लोक भांडतात. मला दोन्ही वाचता येत नाहीत, त्यामुळं माझ्यापुरता सीमावाद मिटलाय. बायकांना तिकीट फुकट, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. कंडक्टर म्हणाला, “अज्जी, फोटोत तरुण दिसताय की.” म्हटलं, “तवा गाडीला पैसे पडत हुते, बाबा.” बेळगावात मिठाईच्या दुकानातून कुंदा घेतला आणि बेळगुंदीची बस धरली.

शेडात माणसाएवढं काहीतरी उभं होतं. आत सळ्यांचा सांगाडा, त्याला सुतळी गुंडाळलेली, वर माती. ही माती तळ्याची; सुनंदा ती महिनाभर भिजवते, पायानं तुडवते, एकेक खडा वेचते.

“हे काय हाय गं?”

“अजून ठरलं न्हाय, आई.”

“ठरल्याबिगर सुरू केलंस?”

“हात फिरवत गेलं की कळतं.”

“म्हंजे भाकरी थापताना मी इचारायचं, बाई, तू भाकरी हाईस का वडा?”

लई हसली. किती वर्षांनी हसली माझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती प्लास्टर आणायला बेळगावात गेली. मातीच्या मूर्तीवरून प्लास्टरचा साचा घेणारा माणूस दोन दिवसांनी येणार होता. मूर्तीला ओलं पोतं गुंडाळलेलं होतं. माझा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला; ओलं पोतं दिसलं की ते सोडायला हात धावतात, माल बुरसणार म्हणून. लेकीला तेवढीच मदत, असं म्हणून पोतं सोडलं, दारं उघडून ऊन-वारा दिला आणि घर झाडायला गेले. दुपार कलली तेव्हा धप्पकन आवाज आला. तडे गेलेली एक बाजू खाली पडली होती.

सुनंदा आली. पिशवी दारातच ठेवली.

“पोतं कुणी सोडलं?”

“बुरसलं असतं गं.”

“वल ऱ्हावी म्हणूनच गुंडाळलं हुतं.”

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ढेकळं उचलून पाण्याच्या टाकीत टाकू लागली. मीही टाकली.

“माती वाया जात न्हाय,” ती म्हणाली.

“मग परत तसंच कर की.”

“तसंच कुठलं व्हतंय, आई.”

“काय हुतं गं ते?”

“आज सांजला कळंल, असं वाटत हुतं.”

तुम्ही कधी अशा शेडात गेलात तर चहा प्या, वाटेल ते विचारा, कशाला हात मात्र लावू नका. मी परत निपाणीला आले. शेजारीण विचारते, “लेकीनं काय बनिवलं म्हणं?” मी कुंद्याचा डबा पुढं करते. काय सांगू? तिला स्वतःला ते कळायला एक दुपार उरली होती. ती दुपार माझ्या हातून गेली.