डझनावरचा एक

माझी नणंद बेकरीत बन मोजून भरते. वन्संनी भरलेलं पाकीट पुन्हा कोणी मोजत नाही, इतका त्यांचा हात खात्रीचा. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एक जुनी गिटार आणली आणि टायरच्या दुकानावरच्या खोलीत फ्लॅमेन्को, म्हणजे स्पेनमधलं नाचाच्या ठेक्यावरचं गिटारवादन, शिकवणाऱ्या मास्तरांकडे जायला लागल्या. कोणाच्या तरी मोबाइलवर त्यांनी ते वादन ऐकलं होतं. "वाजवणाऱ्याला दोनच हात होते गं!" एवढंच त्या मला सांगत राहिल्या.

मास्तरांनी सूर शिकवलेच नाहीत. तारांखाली फडक्याची घडी सारली, की तारा मुक्या. आधी बारा मात्रांचा फेरा पक्का व्हायला हवा, मगच फडकं निघणार. मिटलेली बोटं एकामागोमाग झटकत तारांवरून न्यायची, मध्येच लाकडावर टकटक करायची. मागच्या खोलीतून रोज संध्याकाळी तेवढंच ऐकू यायचं.

"ताई, गिटार शिकतेस की दार ठोठावतेस?" माझा नवरा ओरडायचा. "कोणी उघडेना वाटतं!"

"तू आधी त्या टीव्हीचं तोंड बंद कर," आतून उत्तर यायचं.

पण फेरा काही जमेना. बारा झाल्या की वन्संचा हात हमखास आणखी एक ठोका टाकायचा. मास्तर कपाळाला हात लावायचे. "बाई, हा तेरावा येतो कुठून?" ते वन्संनाही कळत नव्हतं. शेवटी मास्तर म्हणाले, "रविवारी माझी बहीण नाचायला येतेय. तिच्या पायाला ठेका द्या. जमलं तर फडकं काढू. नाहीतर हे आपलं काम नाही असं समजा." त्या दिवशी वन्सं अर्धी पोळी टाकून उठल्या.

शनिवारी त्या डबा विसरल्या, म्हणून मी तो द्यायला बेकरीत गेले. त्या भरत होत्या. दोन्ही हातांनी सपासप बारा बन, मग उजव्या हाताने वर एक. पुन्हा बारा, वर एक.

"वन्सं, हा बघा तुमचा तेरावा!"

त्या हातातल्या बनकडे बघतच राहिल्या. डझनावर एक द्यायचा, ही त्या बेकरीची जुनी रीत.

"अगंबाई! पण तो नाही दिला तर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं गं. हात ऐकायचा नाही."

रविवारी त्यांनी मला सोबत नेलं. मास्तरांची बहीण साठीची, अंगाने भारी, गुडघ्याला पट्टा, जिना चढून धापा टाकणारी. ही काय नाचणार, मी मनात म्हटलं. तिने पाठ ताठ केली, पाय उचलला आणि आपटला. खिडकीच्या काचा थरथरल्या.

वन्संचा हात सुरू झाला. दहा, अकरा, बारा... आणि तेरावा पडलाच. मी डोळे मिटले. पण त्या बाईंचा पाय नेमका त्याच ठोक्यावर उतरला.

"हा माझा!" त्या न थांबता म्हणाल्या. "नव्या फेऱ्यातला पहिला. आता दोन!"

वन्संनी दोन धरला. बारा झाल्यावर पुन्हा वर एक, आणि त्या एकातूनच पुढचा फेरा. सांधा कुठे दिसेना. पाय कुठला, लाकूड कुठलं, कळेना. माझ्या मुलीच्या वेण्या घालणारा तो हात मी रोज पाहते, पण आता तिथे बोटं दिसतच नव्हती, नुसती एक थरथर होती. मुक्या तारांमधून एवढं येत होतं! समोर माझी नणंद बसली आहे, हे मला स्वतःला दोनदा बजावावं लागलं.

ठेका थांबला. मास्तरांनी पुढे होऊन फडकं ओढून काढलं. वन्संनी एक तार हलकेच छेडली आणि दचकून तिच्यावर तळहात ठेवला.

घरी पाय ठेवतो न ठेवतो तोच नवऱ्याने विचारलं, "काय ताई, उघडलं का कोणी?"

"आत बोलावलंय," वन्सं म्हणाल्या, आणि चपलांसकट मागच्या खोलीत गेल्या.