बांधीत टांगलेली सीडी

बल्लारपूरला स्टेशनजवळ माझं सीडी राइट करून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला एकच हवं असायचं, एका सीडीत जास्तीत जास्त गाणी. म्हणून एमपीथ्री करताना मी गाणी चौसष्ट केबीपीएसवर दाबायचो. फाइल लहान व्हायची आणि आवाजातलं बारीकसारीक उडून जायचं. ते मला कळत होतं, पण विचारतं कोण?

माझी आई गावात रोवणीची गाणी सांगायची. धान रोवताना ती एक ओळ म्हणायची आणि बांधीतल्या, म्हणजे धानाच्या पाणी भरल्या वाफ्यातल्या, बाया ती उचलून धरायच्या. एका वर्षी कॉलेजातले एक सर मशीन घेऊन चिखलात उतरले, सगळं रेकॉर्ड केलं आणि वर हिरव्या शाईनं नाव लिहून एक सीडी आईला दिली. ती मी कॉम्प्युटरवर घेतली. हार्ड डिस्क भरत आली होती, म्हणून सवयीनं तीही चौसष्टवर. नातेवाइकांना त्यावरूनच सीड्या मारून दिल्या. पुढे बाबा दुकानात आले. धानावर पाखरं फार बसतात, जुन्या सीड्या दे म्हणाले. चकाकत्या सीड्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टांगायची तेव्हा आमच्याकडे टूमच निघाली होती. मी खराब सीड्यांचा गठ्ठा बांधला आणि त्यात आईचीही घातली. गाणी कॉम्प्युटरात आहेत, आता हिचं काय काम, हा माझा शहाणपणा.

दोन वर्षांनी आईच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढावं लागलं. घरी आल्यावर तिनं बोटानं हवेत गोल काढून दाखवलं, सीडी लाव. मी माझ्याकडची लावली. बांगड्या कढईत काहीतरी तळल्यासारख्या वाजत होत्या, चिखलातली पावलं गायबच होती. आईनं थोडा वेळ ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली.

बाबा म्हणाले, "टिनाच्या डब्यातून बोलून राह्यली कोणी. हा तिचा आवाज नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उडालेला आवाज परत येत नाही हे माहीत असूनही दोन दिवस त्या फाइलशी झटत बसलो. सरांना फोन केला. त्यांचा कॉम्प्युटर नवीन विंडोज टाकताना केव्हाच साफ झाला होता.

मग बांधी गाठली. धान कापून झालं होतं, सुतळीला सीड्या तशाच लटकत होत्या. एकेक सोडून उन्हात धरून पाहिली. शेवटी एकीवर सरांच्या हिरव्या शाईचा पुसट डाग दिसला. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे तिनं पाखरं हाकलली होती, माझ्यामुळे.

मऊ कापडानं मधून कडेकडे पुसली. गोल पुसली की बिघडते, हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नव्हतं. ड्राइव्हचा वेग सगळ्यात कमी केला, चुकलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाचायला लावला. ड्राइव्ह घरघरत होता आणि मी त्या मशीनला खरोखर हात जोडत होतो. दुपार गेली. एकही गाणं निघालं नाही. सुरुवातीचे काही सेकंद तेवढे हाती लागले.

ते मी काहीही न दाबता, जसेच्या तसे, हळू वेगात नव्या सीडीवर मारले आणि गावी नेले.

आई खाटेवर बसली. पाणी डुबुकलं, बांगड्या किणकिणल्या, एक बाई हसली. मग आईचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. ती सरांना विचारत होती, "करू का जी सुरू?"

पुढे काही नव्हतं. आईनं प्लेअरकडे बघून मान डोलावली, कर. मी पुन्हा लावलं. तिनं पुन्हा मान डोलावली. त्या दिवशी सातआठ वेळा तरी लावलं असेल. दर वेळी ती गाणं यायची वाट बघत थांबायची, आणि मी बटण दाबायचो.