वारंग्याला उतरू नको

वीस वर्षं कालिंदीनं नवऱ्याच्या नाटकांचं प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत पाट टाकून बसायचं, मांडीवर वही, हातात बॅटरी, आणि विश्वंभर अडखळला की पुढचं वाक्य हळूच त्याच्याकडे सरकवायचं. टाळ्या त्याला, घामट झब्बे धुवायला हिला. तो हिंगोलीतल्या एका खाजगी शाळेत कारकून. पण गणेश मंडळाच्या लेखी लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख नट. दरवर्षी गणपतीत एक सामाजिक नाटक व्हायचं. कधी दारूवर, कधी हुंड्यावर. हुंड्यावरचं नाटक झालं त्याच वर्षी धाकट्या भावाच्या लग्नात फ्रिज लहान आला म्हणून हा गृहस्थ मांडवात रुसून बसला होता. तेव्हा कालिंदीला हसू आलं होतं. पुढं ते येईना.

मुलं दोन, थोरला पिंटू आणि धाकटी जाई. पिंटू नव्याण्णव साली कॉम्प्युटरच्या कामावर अमेरिकेला गेला. मंडळानं त्याला स्टेजवर शाल-नारळ दिला आणि विश्वंभरनं माइकपुढे हुंदका दिला. हुंदका कालिंदीच्या ओळखीचा होता. दारूच्या नाटकात तिसऱ्या अंकाला तो असाच यायचा.

दोन हजार एक सरता सरता तिकडच्या कंपन्या पटापट बंद पडल्या आणि फेब्रुवारीत पिंटू परत आला. पण हिंगोलीला नाही, हैदराबादला. एका खोलीत सहा पोरं, दिवसभर नोकरीची शोधाशोध. बापानं फोनवर बजावलं होतं, "एवढ्यात इकडं येऊ नको. जाईचं जमवून राहिलो आम्ही. भाऊ अमेरिकेत आहे म्हणून सांगितलंय पाहुण्यांना."

कालिंदीनं महिनाभर तगादा लावला, तेव्हा विश्वंभरनं तोडगा काढला. "भेटायचंच असेल तर हैदराबादच्या वाटेवर, वारंगा फाट्यावर भेट. तिथं आपलं कोणी नसतं."

चैत्रातल्या उन्हात ती डबा घेऊन एसटीनं फाट्यावर गेली. मायलेकरं एका हाटेलाच्या मागच्या बाकावर बसली. पुढून ट्रकांचा धुरळा येत होता, मागून खरकट्याच्या डबक्याचा वास. पिंटूनं मान वर न करता पाच पोळ्या खाल्ल्या. सत्ताविसाव्या वर्षीच पोराचं कपाळ मागं सरकलं होतं. हाटेलवाला दोनदा येऊन गेला. "मावशी, बाहेरचं खायाचं आसंल तर च्या तरी घ्या. गिऱ्हाईक उभं हाय."

चहा आला. पेल्याच्या काठावर माशी बसली. पिंटू म्हणाला, "आई, मी काय चोरी केली का गं?"

तिनं पेल्यावरची माशी हाकलली. वीस वर्षं ती दुसऱ्यालाच वाक्यं सुचवत आली होती. परतीच्या एसटीत तिनं खिडकीतून ओकारी काढली. शेजारची बाई म्हणाली, गाडी लागली असंल. कालिंदीनं मान हलवली. तिला गाडी लागली नव्हती.

त्या वर्षी मंडळाचा विषय ठरला, संगणक आणि परदेशी गेलेली मुलं. थर्माकोलचा पुरुषभर कॉम्प्युटर उभा राहिला, त्याच्या पडद्यात गणपती बसवला. विश्वंभरनं नाटक लिहिलं, 'विमान उडालं अंगणातून'. शेवटाला अमेरिकेतल्या मुलाचा फोन येतो, आई तो घेते आणि पडदा पडतो. फोन खरा. सेक्रेटरीच्या घरून लांब वायर ओढायची, रिसीव्हर माइकला लावायचा. गावात फलक लागले, 'थेट अमेरिकेचा आवाज ऐका.'

आईचं काम पद्माबाई करणार होत्या, शाळेतल्या शिक्षिका. चार दिवस आधी त्यांना टायफॉइड झाला.

"तूच उभी राहा," विश्वंभर म्हणाला. "तुला सगळं पाठ आहे."

कालिंदी महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायच्या फुलोऱ्यासाठी करंज्या तळत होती. "फोन कुठून येणार?"

"हैदराबादच्या बूथवरून. पण ते तुझ्यामाझ्यात. लोकांपुरती अमेरिका."

"आणि पिंटूपुरतं काय?"

"अगं, नाटक आहे ते!"

"महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्याला बोलवा. नाटक काय, दोन करते."

या घरची रीत अशी की माणूस परगावी असलं तरी महालक्ष्म्यांपुढं त्याचं पान वाढायचं आणि संध्याकाळी ते गाईला घालायचं. तीन वर्षं गल्लीतली गाय पिंटूच्या वाटची पुरणपोळी खात होती.

"यंदा तेवढं कर," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

"एका रात्रीच्या वाटेवर लेकरू बसलंय, आणि त्याचं पान मी गाईला घालू?"

त्यानं तिच्याकडे पाठ करून पिंटूला फोन लावला. "हे बघ, थांबून थांबून बोलायचं. अमेरिकेचा आवाज उशिरा पोचतो. आणि आधी गुड मॉर्निंग म्हण, तिथं सकाळ असते." बोलता बोलता त्यानं ताटातली करंजी उचलली, फोडून आतलं सारण तेवढं खाल्लं आणि कड परत ताटात टाकली. कालिंदी त्या उष्ट्या कडेकडे बघत राहिली. या तोंडासाठी आपण वीस वर्षं वाक्यं पुरवली, असं तिच्या मनात आलं आणि तिनं ती कड चिमट्यानं उचलून मोरीत टाकली.

प्रयोगाला मैदान भरलं. बायका पदरात लेकरं घेऊन सतरंजीवर, मोंढ्यातले पोती वाहणारे हमाल मागं भिंतीवर. कालिंदीच्या तोंडावर पावडरचा थर, कपाळावर कोंबड्याच्या तुऱ्याएवढं कुंकू. विंगेत तिच्या पाटावर आज वही घेऊन विश्वंभर बसला होता.

फोन वाजला.

"गुड मॉर्निंग आई," पिंटूचा आवाज भोंग्यातून आला. मग ठरलेला थांबा. "इथं सगळं आहे." पुन्हा थांबा. "फक्त तू नाहीस."

पुढं बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. त्या खरंच रडत होत्या, आणि कालिंदीला तेच सोसेना.

"बाळा, माझी काळजी करू नकोस," विंगेतून विश्वंभर कुजबुजला.

तिनं विंगेकडे पाहिलंच नाही.

"अगं, बाळा, माझी काळजी..."

तिनं माइककडे पाहिलं, मग रिसीव्हरकडे. "पिंटू, परवा महालक्ष्म्यांचं जेवण आहे. वारंग्याला उतरू नको. थेट हिंगोलीला ये."

या वेळी मधे थांबा नव्हता. "येऊ, आई?"

क्षणभर कोणालाच काही उमगलं नाही. मग भिंतीवरून हरिचंद हमालाचा आवाज आला, "काहो विश्वंभरराव, अमेरिकेची गाडी वारंग्यावरून येऊन राहिली काय?"

मैदान फुटलं. हसण्याच्या लाटेत विश्वंभर विंगेतून ओरडत होता, "पडदा! अरे, पडदा ओढा!" पण पडदा ओढणारा खेमाच पोट धरून खाली बसला होता.

"व्हय," कालिंदी माइकमध्ये म्हणाली. "सहा महिन्यांपासून येऊन राहिली." मग रिसीव्हर कानाला लावून, "उद्याची गाडी धर रे. भाडं नसंल तर खोलीतल्या पोरांकडून घे."

घरी विश्वंभरनं रंग न पुसताच पंखा लावला. "माझी माती केलीस. आता जाईचं कसं व्हायचं?"

"माझ्या नावाखाली नका लपू, बाबा," जाई आतून म्हणाली. घामानं त्याच्या गालावरचा गुलाबी रंग ओघळून बनियनवर आला. हुंदका दिला त्यानं, तिसऱ्या अंकातलाच. कालिंदीनं पुरणाची डाळ निवडायला घेतली.

महालक्ष्म्यांच्या दिवशी पिंटू पाटावर बसून जेवला. गल्लीतल्या दोन बायका उगाच हळदीकुंकवाचं निमित्त काढून डोकावून गेल्या. विश्वंभर पोराशी बोलला नाही. पण पुरणाची तिसरी पोळी मागून घेतली.

संध्याकाळी गाय सवयीनं दाराशी येऊन उभी राहिली. कालिंदीनं तिला शिळी भाकरी घातली.