खाजकुहिलीखालचा दोर

महायुद्धाच्या दिवसांत, ब्रह्मदेशात धाडण्याआधी, आमच्या कंपनीला जंगल ट्रेनिंगसाठी अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत आणलं. मी मिरजगावचा, उघड्या माळावरचा. माझा जोडीदार लान्स नाईक याकोब काष्टीचा. बाभळी-बोरी सोडल्या तर आम्हा दोघांना झाडाझुडपांतलं ओ की ठो कळत नव्हतं.

पहाटे पीटी, मग रायफल साफ करणं, मग कडे चढणं-उतरणं. उतरताना एक जण वर बसून उतरणाऱ्याच्या कमरेला बांधलेला दोर पाठीवरून घेई आणि दोन्ही हातांनी थोडा थोडा सोडी. उतरणारा जमिनीला टेकून "पोचलो" म्हणेपर्यंत हात काढायचा नाही, असा हुकूम होता.

माघातल्या त्या दिवशी समोरच्या डोंगरावर सरावातला 'शत्रू' होता. दोर धरणाऱ्याला आडोसा हवा होता. कड्याच्या अगदी काठावर एका झाडावर दाट वेल चढला होता. "झ्याक जागा हाय," म्हणत याकोब त्याखाली बसला.

ती खाजकुहिली होती. एका देठावर तीन पानं, पावसाळा सरताना जांभळ्या फुलांचे लोंबते घोस, मग वाकड्या शेंगा. शेंगांवर तपकिरी मखमल दिसते, पण ती असतात बारीक कुसं. शेंग वाळली की ती वाऱ्याने सुटतात, कातडीत रुततात आणि चोळलं की आणखी आत जातात. वैद्य तिच्या बियांचं कौतुक करतात. करोत बापडे. मला तो वेल दिसला की मी मुळासकट उपटतो.

सकाळभर वारा पडलेला होता. सेक्शन उतरून गेलं. शेवटी मी वायरलेस सेट पाठीवर घेऊन दोराला लागलो. याकोब मागाहून वाटेने येणार होता. मी अर्ध्यावर असताना दरीतून वारा उठला आणि दोर थरथरू लागला.

"काय झालं रं?" मी ओरडलो.

"अंगाची आग आग हुतीया. डोळं गेलं. काय बी दिसंना."

खालून हवालदारांचा आवाज आला. "याकोब, होल्ड! माणसं वर पाठवतोय!"

वाट लांबच्या वळशाची होती. माणसं वेळेत पोचणार नाहीत, हे याकोबलाही ठाऊक होतं आणि मलाही. माझ्याखाली चार-पाच पुरुष खोल नुसते धोंडे होते. मी कड्याला पकड शोधली. बोट शिरेल एवढी फटही नव्हती.

"दोर झाडाला बांध, याकोब!"

"हात काडला तर तू जाशील."

मग तो रडू लागला. कुस्तीत दोघांना एकदम लोळवणारा गडी, हमसून हमसून रडत होता. प्रभूचं नाव घेत होता. मी खाली लोंबकळत खंडोबाला हाका मारत होतो. दोर मात्र हात-हातभर सुटत राहिला. एकदाही सटकला नाही.

"टेकलास का?"

"न्हाई अजून."

"लवकर रं, दादा. लवकर."

माझे पाय धोंड्याला लागले. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "पोचलो!"

दोर सैल पडला. वरून थोडी माती आली. मग याकोब आला. त्याचे दोन्ही हात डोळ्यांवर होते.

पुढे ब्रह्मदेशात कंपनीचे बरेच जण पडले. त्यांची नावं मी एकेक करून घेतो आणि सुरुवात याकोबपासून करतो. "तो कुठं लढाईत गेला? सरावात गेला," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. डोळ्यांत कुसं रुतत असताना त्याने मला धक्का न देता, हळूहळू खाली उतरवलं, आणि माझा आवाज ऐकल्यावरच हात वर नेले.