फुकट वाटलेलं भूत

या जगात घाबरण्यासारखं जे जे काही आहे, त्या सगळ्याला घाबरून झाल्यावरही ज्याच्याकडे थोडी भीती शिल्लक उरेल असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. दाजी पालीला घाबरत, कुत्र्याला घाबरत, फुगवलेल्या फुग्याला घाबरत. कुकरची तर एवढी धास्ती की तिसरी शिट्टी होईपर्यंत ते अंगणात जाऊन उभे राहत. अक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला, बघायला आले तेव्हा त्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि नेमकं आमचं मांजर खुर्चीखालून त्यांच्या पायाला घासून गेलं. दाजींनी हूं की चूं केलं नाही. दोन्ही पाय वर उचलून त्यांनी खुर्चीतच मांडी घातली, डोळे मिटले, आणि नाव काय, शिक्षण किती, पुढे शिकायचं आहे का, असा सगळा कार्यक्रम त्याच आसनात पार पाडला. आमचं घर बौद्ध, त्यांचंही बौद्ध. वडिलांना वाटलं, मुलगा रोज ध्यानाला बसत असणार. ते इतके भारावले की तिथल्या तिथे त्यांनी होकार देऊन टाकला. मांजराचा भाग अक्काला लग्नानंतर कळला.

दाजींचे वडील मात्र बरोबर उलटे. त्यांना सगळे आबा म्हणत. शिरोळकडच्या एका वाडीतल्या शाळेत त्यांनी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर गडमुडशिंगीला येऊन घर बांधलं. आबांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले. आबांनी पुढे जाऊन आसपासच्या गावांतली भुतंही हाकलायला घेतली. कुणाच्या अंगात आलं, कुणाच्या घरावर दगड पडायला लागले, की आबा सायकल काढून निघत आणि दगड मारणाऱ्या भाच्याला किंवा पुतण्याला हाताला धरून चावडीवर आणत. त्यांचं बोलणं पुस्तकी, अक्षर मोत्यासारखं, आणि चेहरा कायम वही तपासत असल्यासारखा. अशा माणसाच्या पोटी हा मुलगा. मी एकदा दाजींना विचारलंच, ‘‘दाजी, आबा एवढं सांगतात भूत नसतं म्हणून, तुम्हाला पटत नाही का?’’

‘‘शंभर टक्के पटलंय की,’’ दाजी म्हणाले. ‘‘पण पटतंय ते डोक्यात आणि भ्या वाटतंय ते पोटात. दोघांची गाठच पडत न्हाय.’’

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दाजींचा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोल्हापुरात जो तो कॉम्प्युटर शिकायला निघाला होता, तेव्हा तो सुरू झाला. मी बी.कॉम. करत होते तेव्हा दुपारी तिथेच जायचे, शिकायला कमी आणि अक्काने दिलेला डबा पोचवायला जास्त. एक ते चारच्या मधे क्लास रिकामा असे. त्या वेळात दाजी एका कोपऱ्यातल्या, विद्यार्थ्यांनी नाकारलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर काहीतरी करत बसत. वर्षभराने कळलं की ते गेम बनवतायत. तोही भुताचा.

तेव्हाच्या नव्या गेममध्ये माणसाच्या कपाळावरचा घाम दिसायचा. दाजींच्या गेममध्ये माणूससुद्धा नीट दिसत नव्हता. सगळं जुन्या पद्धतीचं, चौकोनी ठोकळ्याठोकळ्यांचं, चार रंगांत उरकलेलं. एक ओसाड शाळा, दिवेलागणीची वेळ, हातात कंदील घेतलेले आपण. मारामारी नाही, बंदूक नाही, मार्क नाहीत. नुसतं खोल्याखोल्यांतून फिरायचं. कोपऱ्यात काळं काहीतरी उभं असे. खिडकीत काहीतरी हलत असे. मी म्हटलं, ‘‘दाजी, जरा स्पष्ट काढा की. काय आहे ते कळतच नाही.’’ त्यावर दाजी जे म्हणाले ते मला आजही बिनतोड वाटतं. ‘‘अगं, स्पष्ट दिसलं की संपलं. भूत म्हंजे दुसरं काय असतंय? नीट न दिसलेली गोष्ट.’’

आवाजांसाठी त्यांनी घरादाराला कामाला लावलं. दाराची करकर म्हणून अक्काच्या लोखंडी कपाटाची घेतली. वाऱ्यासाठी मला रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालायला बसवलं. मला चक्कर येईपर्यंत वारा वाहत होता. अंधारातल्या श्वासासाठी मात्र शेजाऱ्यांची म्हैसच पाहिजे होती. म्हशीजवळ जायची दाजींची छाती होईना, म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डरचा माईक लांब काठीच्या टोकाला बांधला आणि गोठ्याबाहेर उभं राहून काठी आत सरकवली. म्हशीने माईक चाटला. दाजी ओरडले. गेमच्या तिसऱ्या खोलीत जी किंकाळी ऐकू येते आणि जिच्यामुळे माझ्या दोन मैत्रिणींनी खुर्ची सोडली, ती दाजींची त्या वेळची खरी किंकाळी आहे.

सगळ्यात गंमत म्हणजे दाजी स्वतःच्याच गेमला घाबरत. काही बदल केला की तपासायला मला बसवत आणि आपण दाराशी उभे राहत. ‘‘तू जरा डावीकडल्या खोलीत जाऊन ये. मी तिथं काहीतरी ठेवलंय.’’ काय ठेवलंय ते सांगत नसत. मी खोलीत जायचे, कोपऱ्यातलं काळं दिसलं की किंचाळून बाहेर पळायचे, आणि दाजी दारातूनच समाधानाने म्हणायचे, ‘‘झ्याक जमलंय.’’

गेम पुरा झाला तेव्हा त्यांनी तो इंटरनेटवर टाकला आणि सीडी करकरून ओळखीच्यांना वाटल्या. क्लासच्या मुलांनी सांगितलं, सर, विकत द्या. दाजींना ते पटेना. ‘‘माणसाला घाबरवायचं आणि वर त्याच्याकडनं पैसे घ्यायचे? ही काय रीत झाली?’’ कुणीकुणी बाहेरदेशांतून ईमेल पाठवू लागलं. दाजी ते ईमेल उघडायलाही घाबरत. अक्का उघडून वाचून दाखवी, मग ते हळूच हसत. तो महिनाभर मी दाजींना फुग्याशेजारी उभं राहताना पाहिलं आहे.

मग एका स्थानिक पाक्षिकाने बातमी छापली, ‘गडमुडशिंगीच्या तरुणाने बनवले भूत! जगभर मोफत वाटप’. ‘तरुण’ या शब्दावर अक्का हसली, पण आबा हसले नाहीत. त्यांनी पेपरची घडी केली, चष्मा काढला आणि दाजींना समोर बोलावलं. मी त्या दिवशी तिथेच होते.

‘‘चाळीस वर्षं मी ज्या भुतांना गावाबाहेर काढलं,’’ आबा म्हणाले, ‘‘ती तू फुकट वाटायला लागलास?’’

‘‘आबा, त्यो नुसता ग्येम हाय...’’

‘‘माझ्या हयातीत माझ्याच घरातून भूत निघालं. आता लोकांना मी कुठल्या तोंडाने सांगू?’’

त्यानंतर आबांनी दाजींशी बोलणं टाकलं. एका घरात राहून दोन महिने दोघांचा व्यवहार अक्कामार्फत चालला. ‘‘त्याला सांग, माझी औषधं संपली आहेत.’’ ‘‘त्यांना सांग, आणलीत.’’ मधल्या दारात अक्का उभी, दोन्ही बाजूंना निरोप वाटत. तिचा स्वभाव बोलका, पण ती त्या दिवसांत आमच्याकडे आली तर नुसती बसून राही. दाजी वाळत चालले. एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर ते म्हणाले, ‘‘रविवारी सगळं पुसून टाकणार हाय. नेटवरनं पण काढतो. वडलांपेक्षा मोठं हाय काय ते?’’

मी तडक गडमुडशिंगीला अक्काकडे गेले. अक्का भांडी घासत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि संध्याकाळी दाजी आल्या आल्या सांगितलं, ‘‘पुसा खुशाल. पण आधी एकदा त्यांना दाखवा.’’ मग आबांच्या खोलीत जाऊन ती म्हणाली, ‘‘मामा, तुम्हीच म्हणता न्हवं, तपासल्याशिवाय मत द्यायचं नसतंय म्हणून? मग न बघताच दोन महिने शिक्षा कशी काय?’’

सासऱ्याला असं बोलायची तिची ती पहिलीच वेळ. आबांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, ‘‘बरोबर आहे. आणा.’’

रविवारी सकाळी तो जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून राजारामपुरीतून गडमुडशिंगीला आणला. दाजींनी वाटभर मॉनिटर मांडीवर धरला होता. आबा पडद्यासमोर ताठ बसले. मी त्यांना बटणं दाखवली: बाणांनी चालायचं, आणि लांब बटण दाबलं की समोरच्या वस्तूजवळ जायचं. ते लांब बटण मी कधी दाबलंच नव्हतं. काळं दिसलं की मी पळायचे.

आबा पळाले नाहीत. पहिल्या खोलीत कोपऱ्यातलं काळं दिसलं, तशी त्यांनी थेट कंदील घेऊन चाल केली आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘खुंटीवरचा कोट.’ आबा ‘हं’ म्हणाले. खिडकीत हलणारं जवळून बघितलं तर फाटका नकाशा होता. म्हशीच्या श्वासाच्या दिशेने ते जात राहिले तर ओट्यावर झोपलेलं कुत्रं निघालं. मी तोंड उघडं टाकून बघत होते. सहा महिने मी ज्या भुतांना भ्यायले, त्यातलं एकही भूत नव्हतं. मी दाजींकडे वळले. ‘‘तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?’’

‘‘तू पळत हुतीस,’’ दाजी म्हणाले. ‘‘मी काय सांगू?’’

शेवटची खोली आली. मागच्या बाकावर काहीतरी लहानसं, काळं, वाकून बसलेलं होतं. आबांचं बोट थांबलं. मग त्यांनी बटण दाबलं. सात-आठ वर्षांचा मुलगा. खाली एकच ओळ: ‘मी हितंच हाय.’ गेम संपला.

आबा पडद्याकडे बघत राहिले. ‘‘ही आपल्या वाडीची शाळा आहे,’’ ते म्हणाले.

‘‘व्हय.’’

मग ते आमच्याकडे न बघता सांगू लागले. दाजी दुसरीत होते. एका संध्याकाळी मळ्यातल्या कुणाच्या अंगात आलंय म्हणून निरोप आला, आबांनी घाईने शाळेला कुलूप लावलं आणि सायकलवरून गेले. मागच्या बाकावर पोरगं झोपलंय हे त्यांनी पाहिलंच नाही. घरी आल्यावर मुलगा नाही म्हटल्यावर कंदील घेऊन परत गेले. मुलगा बाकावर ताठ बसलेला होता, रडतही नव्हता. आबांनी त्याच्या हाताला धरलं आणि खोलीभर फिरवलं. हा बघ कोट. हा नकाशा. हे कुत्रं.

‘‘मला वाटत होतं, त्या दिवशी मी तुझी भीती घालवली,’’ आबा म्हणाले.

दाजी की-बोर्डकडे बघत होते. आवाज इतका लहान की अक्का दारातून पुढे सरकली. ‘‘सगळ्याच्या जवळ नेलंत, आबा. जवळ तेवढं घेतलं न्हाय.’’

आबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. नंतर घसा खाकरून म्हणाले, ‘‘दुसऱ्या खोलीत ‘अंधार’वरचा अनुस्वार राहिलाय. तेवढा दे.’’ हे बोलताना त्यांचा हात दाजींच्या पाठीवर गेला, आणि तिथेच राहिला. आपला हात नेमकं काय करतोय हे आबांना माहीत नसावं. त्या घरात पाठीवर हात ठेवायची सवय कुणालाच नव्हती. अक्का चहा टाकायला म्हणून आत गेली ती खूप वेळ बाहेर आली नाही.

गेम पुसायचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट आबांनी त्यातला सगळा मजकूर कागदावर उतरवून मागितला आणि लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिला. पुढे गावोगावच्या व्याख्यानांना ते दाजींना बरोबर नेऊ लागले. आबा बोलत आणि दाजी कॉम्प्युटर लावत. गर्दीला घाबरून ते मॉनिटरच्या मागे उभे राहत, पण जात मात्र नेमाने. कॉम्प्युटर रिक्षाने पुढे पाठवून दोघं मोटरसायकलवर निघाले की मागे बसलेले आबा दाजींना सारखे गाडी सावकाश चालव म्हणून सांगत, आणि दाजी आधीच बैलगाडीला पुढे जाऊ देत असत.

असे चार पावसाळे गेले. पाचव्यात आबा गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना दिसायचं कमी झालं होतं. दाजी त्यांच्या उशाशी बसून इंटरनेटवर आलेली पत्रं मराठी करून वाचून दाखवत. आबा मधेच म्हणत, ‘‘हे वाक्य नीट झालं नाही, पुन्हा कर.’’ दाजी पुन्हा करत.

आता तो गेम नव्या मशीनवर चालत नाही. जुना कॉम्प्युटर गडमुडशिंगीच्या घरी कापडाखाली झाकून ठेवलाय. मध्यंतरी मी गेले होते तेव्हा दुपारी दाजींना म्हटलं, लावा की एकदा. तो सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागली. मी सगळ्या खोल्या फिरले, या वेळी न पळता, आणि शेवटच्या बाकापाशी आले. बटण दाबलं. पूर्वी गेम इथे संपायचा. आता संपला नाही. कंदील खाली ठेवला गेला आणि तो धरणारा ठोकळ्यांचा माणूस पोराला टेकून बाकावर बसला.

‘‘हे कधी केलंत?’’

‘‘आबा असतानाच. त्यांनीच सांगितलं.’’

‘‘मग पुढे काय होतं?’’

‘‘पुढं काय न्हाय,’’ दाजी म्हणाले. ‘‘पायजे तितका वेळ बसायचं.’’

त्यांनी माझ्याशेजारी खुर्ची ओढली. बाहेर अक्का कुणाशी तरी मोठ्याने बोलत होती. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसून राहिलो. बंद करा असं मीही म्हटलं नाही, आणि तेही उठले नाहीत.